सातवीच्या वर्गातली तीन मुलं आणि महिन्यातून दोनदा येणारे विशेष शिक्षक

नागपूरच्या हिंगणा रोडकडच्या एका अनुदानित, मराठी माध्यमाच्या शाळेतल्या वर्गशिक्षिकेचा प्रश्न आहे. सातवीच्या वर्गात ४८ मुलं. त्यांत एका मुलाला अध्ययन अक्षमता (बुद्धी ठीक, पण वाचन-लेखनात अडचण), एका मुलीला दोन्ही कानांना श्रवणयंत्र आणि एका मुलाला सौम्य बौद्धिक अक्षमता. पाचवीपर्यंत बरं चाललं होतं, सहावीपासून तिघंही मागे पडत गेली. विशेष शिक्षक महिन्यातून दोनदा येतात, तिघांना ग्रंथालयाच्या खोलीत बसवून काहीबाही करून घेतात आणि जातात. मुख्याध्यापक म्हणतात, पालकांना विशेष शाळा सुचवा. मॅडम विचारतात, मी नेमकं काय करू?

मॅडम, वरवर पाहता तुमची तक्रार फेऱ्या कमी पडतात ही आहे. फेऱ्या कमी आहेतच. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं, २०२५ मध्ये राज्यांना पदं निर्माण करायला पुन्हा सांगितलं. पण त्या भरतीची वाट पाहिली तर तुमची सातवी दहावीला पोहोचेल. शिवाय विशेष शिक्षक उद्यापासून रोज आले आणि रोज ग्रंथालयाच्या खोलीत बसले, तरी इतिहासाच्या तासाला ही तीन मुलं आज बसतात तशीच बसतील. बिघाड त्या खोलीत नाही, तासांमध्ये आहे.

पाचवीपर्यंत बहुतेक ठिकाणी एकच बाई दिवसभर वर्गावर असतात. याला फळ्यावरचं उतरवायला वेळ लागतो, तिला पाठमोरं बोललेलं कळत नाही, हा पहिल्या सूचनेला बसून राहतो पण एकट्याला परत सांगितलं की उठतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. कुठे लिहिलेलं नसतं, लिहायची गरजही पडत नाही. सहावीत पाऊल टाकलं की पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासांना सहा-सात शिक्षक येऊन जातात आणि ती माहिती कुणाबरोबरच पुढे जात नाही. त्याच वर्षी दुसरंही घडतं. आतापर्यंत वाचन हा एक विषय होता, आता ते सगळ्या विषयांचं हत्यार होतं. विज्ञानाच्या दोन पानांत पंधरा नवे शब्द, त्यातले निम्मे जोडाक्षरांचे. वाचनात अडकलेलं मूल मग विज्ञानात, इतिहासात, गणिताच्या शाब्दिक उदाहरणांतही अडकतं आणि शिक्षकांच्या खोलीत ‘सगळ्याच विषयांत कच्चा’ ठरतं.

म्हणून आधी कोण कुठे अडकलंय ते पाहा. त्यासाठी मोठी चाचणी नको, मुलामागे अर्धा तास पुरतो. सातवीच्या पाठ्यपुस्तकातला न शिकवलेला एक उतारा आणि तिसरीच्या पुस्तकातला एक, असे दोन घ्या. प्रत्येकी एक मिनिट मोठ्याने वाचून घ्या, बरोबर शब्द मोजा आणि चुका तुमच्या प्रतीवर खुणेने टिपा. आकड्यापेक्षा चुकीचा प्रकार जास्त सांगतो. जोडाक्षर आलं की थांबतो का, रफार गिळतो का, भ-म आणि घ-ध यांत गोंधळतो का, वेलांटी-मात्रा बदलतो का, की पहिलं अक्षर पाहून बाकीचा शब्द अंदाजाने ठोकतो? नंतर सातवीचाच दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि पाच प्रश्न तोंडी विचारा, त्यांतले दोन ‘का’चे असू द्या. शेवटी गणिताची दोन शाब्दिक उदाहरणं, एक त्याने स्वतः वाचून सोडवायचं, दुसरं तुम्ही वाचून द्यायचं.

ऐकून चार-पाच उत्तरं बरोबर येतात आणि स्वतः वाचताना मिनिटाला वीस-पंचवीस शब्दांवर गाडी अडते, असं दिसलं तर त्याची समज सातवीची आहे, तो अडलाय अक्षरांत. अशा मुलाला आशय कानांनी द्यायचा आणि अक्षरांचं काम वेगळं चालवायचं. ऐकूनही एक-दोनच उत्तरं येत असतील तर आशयच जड होतोय, तो कमी आणि ठोस करावा लागेल. गणित तुम्ही वाचून दिल्यावर सुटलं, तर त्या मुलाला गणिताचा जादा तास लावू नका, त्याची अडचण गणितात नाही. तुमच्या मुलीसाठी ऐकण्याची चाचणी शांत खोलीत, तुमचा चेहरा नीट दिसेल असं बसूनच घ्या. नाहीतर समज तपासायला जाल आणि कान तपासून बसाल.

यातून पुढची सगळी आखणी ठरते. काही मुलांची फक्त वाट, म्हणजे शिकायची रीत, बदलायची असते, मुक्काम, म्हणजे काय यायला हवं ते, वर्गाचाच ठेवायचा. काहींचा मुक्कामही बदलावा लागतो. अध्ययन अक्षमतेचा मुलगा आणि श्रवणयंत्राची मुलगी यांचा मुक्काम बदलू नका. शाळांमध्ये नेमकं उलटं होताना मी पाहतो. हुशार पण न वाचता येणाऱ्या मुलाला तिसरीच्या स्वाध्यायाचे कागद देऊन गप्प बसवतात आणि बौद्धिक अक्षमतेच्या मुलाकडून सातवीचा फळा अक्षर अन् अक्षर उतरवून घेतात. पहिल्याचं डोकं रिकामं राहतं, दुसऱ्याची वही सुंदर भरते आणि तिच्यातलं त्याला काही कळत नाही.

सातवीच्या गणितात बँक व सरळव्याजाचा धडा आहे, त्यावरून सांगतो. वर्गाला मुद्दल, दर, मुदत देऊन व्याज काढायचं आहे. अध्ययन अक्षमतेच्या मुलाला तेच उदाहरण द्या, पण वाचून दाखवा, सूत्र आणि पाढ्यांचा तक्ता समोर ठेवा, पाचऐवजी तीन उदाहरणं द्या आणि रीत बरोबर आली की त्या रीतीचे गुण द्या. मुलीला तेच उदाहरण फळ्यावर पूर्ण लिहून द्या, नुसतं तोंडी सांगू नका, कारण ‘सात टक्के’ आणि ‘साठ टक्के’ तिला सारखंच ऐकू येऊ शकतं. बौद्धिक अक्षमतेच्या मुलापुढे खरं पासबुक ठेवा. जमा कुठे, काढले कुठे, शिल्लक कुठे, शंभर टाकले की शिल्लक वाढली की कमी झाली, पैसे भरायची स्लिप कशी भरायची. धडा एकच, वर्ग एकच, वाटा तीन आणि मुक्काम दोन. त्या मुलाला बाहेर काढावं लागलं नाही आणि त्याच्या हातात आयुष्यभर लागणारं काहीतरी आलं. प्रत्येक धड्याला असं जमेल का? नाही. ‘पूर्णांकांचा गुणाकार’ त्याच्यासाठी ओढूनताणून बसवू नका, त्या दिवशी त्याला बेरजेचं त्याचं काम द्या.

आता अध्ययन अक्षमतेच्या मुलाचं वाचन. सातवीतल्या मुलाला पुन्हा ‘क ला काना का’ म्हणायला लावलं की तो लाजेने पुस्तक मिटतो, आणि त्याला बहुधा त्याची गरजही नसते. या वयात अडतात ती जोडाक्षरं, आणि ती सगळी एकदम शिकवली जातात हीच गोची आहे. चार गट करा. पहिला, ज्यांतली दांडी जाते ते: त्य, स्त, ल्प, न्य, म्ह. दुसरा, ज्यांना दांडी नाही आणि पाय मोडावा लागतो ते: ट्ट, ड्ड, द्ध, द्य. तिसरा गट ‘र’चा, तो एकट्याने दोन-तीन आठवडे खातो, कारण र चार जागी दिसतो: ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘प्रकाश’मध्ये पोटात, ‘राष्ट्र’मध्ये पायाखाली आणि ‘वाऱ्या’मध्ये आडवा. शेवटी क्ष आणि ज्ञ. शब्द मात्र चालू धड्यांतले घ्या. ‘पर्ण’, ‘वर्गीकरण’, ‘पर्यावरण’, ‘स्वराज्य’, ‘राज्यकर्ते’ असे शब्द वाचले की पुढच्या तासाला पुस्तकात ते ओळखू येतात, आणि हे आपल्या वर्गाचंच काम आहे असं त्याला वाटतं.

रोज वीस मिनिटं, आठवड्यातून चार दिवस. पाच मिनिटं त्या आठवड्याचा अक्षरगट, पाच मिनिटं शब्दांच्या चिठ्ठ्या, सात मिनिटं तेच शब्द असलेला छोटा उतारा, शेवटची तीन मिनिटं श्रुतलेखन, तेही पाचच शब्दांचं. शनिवारी अर्धा तास सलग घेऊ असं ठरवलं तर दोन महिन्यांत पाटी कोरी राहते, कारण अक्षरगट वारंवार डोळ्यांपुढून जायला हवा. कोण घेणार? तुम्हीच घ्यायला हवं असं नाही. समजूतदार वरच्या वर्गातली मुलगी, आई, मोठा भाऊ, कुणीही चालेल. फक्त दर आठवड्याच्या चिठ्ठ्या एका माणसाने ठरवायच्या. आशय दुसऱ्या बाजूने चालू ठेवा. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर चालतात. ज्या धड्याला ध्वनिफीत नाही तो विषयशिक्षकाने किंवा एखाद्या चांगल्या वाचणाऱ्या मुलाने मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करावा, आठ-दहा मिनिटांत होतो. तास होण्याच्या आदल्या रात्री तो ऐकून आलेला मुलगा वर्गात हात वर करतो.

मुलीचं काम बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा सोपं आहे, पण रोज करावं लागतं. सकाळी परिपाठाच्या आधी एक मिनिट: तिच्यापासून दोन मीटरवर उभं राहून, तोंडासमोर कागद धरून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज साध्या आवाजात उच्चारा, तिने परत म्हणावेत. स आणि श गेले तर वरच्या पट्टीचे आवाज पोहोचत नाहीत. सगळेच गेले तर सेल संपलाय किंवा कानातल्या साच्यात मळ अडकलाय. झिंक-एअर सेल साधारण आठवडा ते दोन आठवडे चालतात, आणि एकदा मागचं स्टिकर काढलं की परत लावून ते वाचवता येत नाहीत. दप्तरात दोन जादा सेल हवेतच. पावसाळ्यात रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायला सांगा.

जागा दुसऱ्या रांगेत, ज्या कानाने बरं ऐकू येतं तो वर्गाकडे, आणि तुम्ही उभे राहता तिथे मागे खिडकी नको, नाहीतर तुमचा चेहरा काळा दिसतो. पंख्याचा विचार कुणी करत नाही. आपल्याकडे मार्चपासून पंखे फुल्ल असतात आणि श्रवणयंत्र तो घरघराटही मोठा करतं. तिच्या डोक्यावरचा पंखा खडखडत असेल तर आधी तो दुरुस्त करा किंवा तिची जागा बदला. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, मागच्या बाकावरच्या मुलाने दिलेलं उत्तर तुम्ही परत म्हणा. आणि श्रुतलेखनात सुटे शब्द देऊ नका: प, ब आणि म ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात. ‘पार’, ‘बार’, ‘मार’ यांतलं नेमकं कोणतं ते तिला वाक्यातूनच कळेल.

तिसऱ्या मुलाबाबत एवढंच, की प्रत्येक पाठातले तीन मुद्दे निवडा, चौथा नको. वनस्पतींच्या रचनेच्या पाठात मूळ, खोड, पान यांचं काम सांगता आलं की पुरे, ते खऱ्या रोपावर दाखवून. गटकार्यात त्याला ‘सामान आणणारा’ करून ठेवू नका, गटाचा एक टप्पा पूर्णपणे त्याचा असू द्या. सूचना एका वेळी एक. आणि हे बारा-तेराचं वय आहे. शरीरातले बदल, कुणाला कुठे हात लावू द्यायचा आणि कुणाला नाही, हे त्याला इतर मुलांपेक्षा जास्त स्पष्ट आणि जास्त वेळा सांगावं लागतं. हे शाळेत कुणीच सांगत नाही, मग एक दिवस तक्रार येते.

वयाचा दुसरा परिणाम तुमच्या ग्रंथालयाच्या खोलीवर होतो. दुसरीतलं मूल वेगळ्या खोलीत खुशीने जातं. सातवीतल्या मुलाला सगळ्यांसमोर उठून ‘त्या’ खोलीत जायचं म्हणजे मरणप्राय होतं. फेरीच्या दिवशी हमखास पोट दुखतं, ते यामुळेच. त्यामुळे जे साधन एकाला लागतं ते शक्य तितकं सगळ्यांना द्या. पाढ्यांचा तक्ता प्रत्येक बाकाला चिकटवा, फळ्यावरच्या सूचनेला क्रमांक सगळ्यांसाठी घाला, धड्याचं रेकॉर्डिंग वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर टाका. ४८ मुलांच्या वर्गात ते आणखी दहा-बाराजणांच्याही कामाला येतं, आणि कोणासाठी केलं होतं हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता सात शिक्षकांपर्यंत हे पोहोचवायचं कसं? एक पान, एका मुलाला एकच. पन्नास पानांची वैयक्तिक शिक्षण योजना विशेष शिक्षकांच्या फाइलमध्ये असते, ती तिथे राहू द्या, विषयशिक्षक ती उघडत नाहीत. या पानावर वर मुलाला काय येतं ते दोन ओळींत. खाली काय अडतं ते दोन ओळींत, निदानाचं नाव न घालता. मग प्रत्येक तासाला करायच्या तीनच गोष्टी, न करायची एक, आणि परीक्षेची व्यवस्था. फिट येत असेल किंवा औषध चालू असेल तर तेही. ‘कृपया सहकार्य करावे’ हे वाक्य पानावर नको, त्याचा अर्थ कुणालाच कळत नाही. ‘मोठ्याने वाचायला अचानक उभं करू नका, आदल्या दिवशी परिच्छेद सांगून ठेवा’ हे कळतं. तीनच्या दहा गोष्टी केल्या तर एकही होत नाही. पान शिक्षकांच्या खोलीतल्या फाइलमध्ये ठेवा, भिंतीवर लावू नका, आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. बदली शिक्षक आले की फाइल आधी त्यांच्या हातात द्या. जुलैत एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ते पान बदला. विदर्भात शाळाच जूनच्या अखेरीला उघडतात, त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात चाचण्या आणि जुलैच्या मध्याला पान, असा हिशेब बसतो.

आणि विशेष शिक्षकांच्या दोन फेऱ्या. त्यांच्या दोन भेटींत मूल वाचायला शिकणार नाही, शिकवणारे मात्र बदलू शकतात. आदल्या दोन-तीन दिवसांत त्यांना पुढच्या पंधरवड्याच्या पाठांची यादी पाठवा. आल्यावर पहिला एक तास त्यांनी वर्गात मागे बसून पाहावं, तोही अडचणीच्या विषयाचा. मग मुलांबरोबर तीस-चाळीस मिनिटं, तेही वीस मिनिटांचं वाचन नीट चाललंय का ते तपासायला आणि पुढचा अक्षरगट ठरवायला. उरलेला वेळ एका विषयशिक्षकाबरोबर, यादीतल्या दोन पाठांत कोणासाठी काय बदलायचं ते ठरवायला. एका फेरीत एकच विषय धरा. दोन फेऱ्यांना दोन, वर्षभरात सगळे विषय दोनदा होतात. मुलाला बाहेर काढावंच लागलं तर पीटी, चित्रकला किंवा कार्यानुभवाच्या तासाला काढू नका. बिनमहत्त्वाचे तास म्हणून तेच निवडले जातात, आणि तिथेच बहुधा या मुलांना चार कौतुकाचे शब्द मिळतात. लागोपाठ दोन वेळा एकाच विषयाचा तासही नको.

ते ऐकतील का, हे माणसावर आहे. अनेक विशेष शिक्षकांकडे दहा-पंधरा शाळा असतात आणि वर किती मुलांना ‘भेट दिली’ याचा आकडा मागितला जातो, म्हणून ते मुलांना घेऊन बसतात. भेटीच्या नोंदवहीत तिघांची नावं आणि केलेलं काम त्यांना लिहू द्या, म्हणजे त्यांचाही कागद पूर्ण होतो. शाळा मनपा हद्दीत असेल तर शहर साधन केंद्राशी आणि हिंगणा पंचायत समितीत असेल तर गटसाधन केंद्राशी बोलून फेरीचे वार आधी पक्के करून घ्या. अचानक येणाऱ्या फेरीचा काही उपयोग होत नाही.

परीक्षेत तुमच्या हातात वाटतं त्यापेक्षा बरंच आहे. आपल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सातवी-आठवीला आकारिकचा, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाचा, भार ४० टक्के आणि संकलितचा, म्हणजे सत्राच्या शेवटी होणाऱ्या परीक्षेचा, ६० टक्के. आकारिकात दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं आधीच दिलेली आहेत. म्हणजे न लिहिता येणाऱ्या मुलाला तोंडी आणि प्रात्यक्षिकातून गुण देणं ही मेहरबानी नाही, पद्धतच ती आहे. तरी सगळे शिक्षक आकारिकाचीही लेखी चाचणी घेऊन मोकळे होतात. संकलितला तासाला वीस मिनिटं जादा वेळ, म्हणजे दोन तासांच्या पेपरला चाळीस मिनिटं. ती मुलं वेगळ्या पण शांत खोलीत बसवा, व्हरांड्यात नको. प्रश्नपत्रिका मोठ्या टायपात, ओळींत अंतर सोडून. भाषा सोडून इतर विषयांत शुद्धलेखनाचे गुण कापू नका.

लेखनिक द्यायचा असेल तर तो खालच्या वर्गातला असतो, आणि इथे हमखास फसगत होते. बोलून लिहवून घेणं हे शिकावं लागतं. पूर्ण वाक्य सांगणं, ‘आता नवा मुद्दा’ म्हणणं, लिहिलेलं परत वाचून घेणं, आकृतीचं वर्णन करणं. याची सवय नसलेला मुलगा परीक्षेत एकेक शब्द सांगतो आणि दोन ओळींत उत्तर संपतं. तीन महिने आधीपासून घटक चाचण्यांना त्याच लेखनिकाबरोबर बसवा. सगळ्यांत घातक प्रकार म्हणजे ‘बिचारा’ म्हणून गुण भरून टाकणं. आठवीला आता वार्षिक परीक्षा आहे, विषयाला ६० गुणांची, नापास झाला तर पुनर्परीक्षा आणि तीही गेली तर त्याच वर्गात. सातवीपर्यंत कागदावर ‘अ’ श्रेणी घेत आलेल्या मुलाला तिथे पहिला धक्का बसतो, आणि मागे वळून पाहावं तर त्याला काय येत होतं याची एकही खरी नोंद नसते. दिलेली प्रत्येक सवलत प्रगतिपुस्तकाच्या प्रतीसोबत लिहून ठेवा. दहावीला मंडळाकडे सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, तेव्हा हीच फाइल उपयोगी पडते.

प्रमाणपत्राचं थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, अध्ययन अक्षमता त्यांतला एक. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अक्षमता असणाऱ्यांना आरक्षण, मोफत शिक्षणासारखे ठरावीक लाभ मिळतात, पण वर्गात जागा बदलणं, वाचून दाखवणं, तोंडी उत्तर घेणं यांना कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. ‘आधी सर्टिफिकेट आणा मग बघू’ असं पालकांना सांगून वर्ष घालवू नका. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढायचं असतं, तपासणी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत. अध्ययन अक्षमतेची तपासणी एका दिवसात होत नाही: कान-डोळे, बुद्ध्यांक, मग वाचन-लेखनाच्या चाचण्या, असे तीन-चार खेटे पडतात. कोणत्या वारी कोणती ओपीडी हे आधी विचारून जा. तिथे शिक्षकांचं निरीक्षण मागतात, तेव्हा वर सांगितलेल्या चाचण्यांचे कागद आणि मुलाच्या वहीच्या दोन-तीन पानांच्या झेरॉक्स द्या. या मुलांची चौदाव्या वर्षी फेरतपासणी होते, म्हणजे आठवी-नववीत, ते पालकांना आत्ताच सांगून ठेवा. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती नोंदणीत, तिघांची नोंद झाली आहे का तेही बघा. नोंद नसेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून मिळणारा प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, साहित्य काहीच मिळत नाही. मुलीला प्रोत्साहन भत्त्याचे दरमहा २०० रुपये, वर्षाला दहा महिने, तेही त्या नोंदीवरच.

राहिले मुख्याध्यापक. विशेष शाळा वाईट नसते. शंकरनगरचं मूकबधिर विद्यालय, दक्षिण अंबाझरी मार्गावरचं अंध विद्यालय यांच्यासारख्या संस्थांची ज्या मुलांना खरी गरज आहे ती आहेतच: जिची कोणतीच भाषा नीट उभी राहिलेली नाही अशी कर्णबधिर मुलगी, ज्याला ब्रेल दिवसभर मिळायला हवं असा मुलगा, बहुविकलांगतेची तीव्र अडचण असलेलं मूल. पण निवड पालकांची. सरांना सांगताना कायद्याचा आवाज चढवू नका, एवढं दाखवा की ६ ते १८ वयाच्या, ४० टक्के किंवा जास्त अक्षमता असलेल्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा हव्या त्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क त्याच २०१६ च्या कायद्याचं कलम ३१ देतं, आणि शाळेने सोय करून द्यायची जबाबदारी कलम १६ टाकतं. शाळेकडून ‘सुचवणं’ लेखी गेलं तर ते शाळेच्याच अंगाशी येतं, हे बहुतेक मुख्याध्यापकांना लगेच पटतं. तुमच्या तिघांपैकी पहिल्या दोघांना विशेष शाळेत पाठवणं हे मला साफ चुकीचं वाटतं. तिसऱ्याबद्दल आई-वडिलांशी बोला, पण आठवीनंतर त्याला कोणतं काम शिकवायचं या प्रश्नाने सुरुवात करा, शाळेच्या नावाने नको.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात आली नाही. मुलीचा शेवटचा ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, कधीचा आहे? ती पाचवीपर्यंत ठीक होती आणि सहावीपासून मागे पडली, याचं कारण विषयशिक्षक असू शकतं तसंच श्रवण कमी झालेलं असणं किंवा यंत्र जुन्याच मापावर लावलेलं असणंही असू शकतं. वर्षाहून जुना असेल तर बसायची जागा, सहा आवाज हे सगळं सुरू करा, पण त्याच आठवड्यात मेडिकलच्या कान-नाक-घसा विभागात नवा करून घ्या आणि यंत्र त्या नव्या कागदाप्रमाणे परत लावून घ्या. कानातला साचाही बघायला सांगा. या वयात कान वाढतो, साचा सैल होतो आणि शिट्टी वाजते म्हणून मुली वर्गात आवाज कमी करून टाकतात.